विचारा, सांगते : मीटर खोटं बोललं का?

प्रश्न : मुलाच्या मल्टिमीटरने अडगळीतला १०० वॅटचा जुना, काचेचा बल्ब मोजला. रोध आला ३८ ओहम. २३० व्होल्ट भागिले ३८ म्हणजे ६ अँपिअर, म्हणजे जवळजवळ १,४०० वॅट! मीटर बिघडलंय की सूत्र? (एक पालक, वाई)

उत्तर : दोन्ही शाबूत आहेत. तुम्ही मोजलात थंड बल्ब आणि हिशेब केलात पेटलेल्याचा.

बल्बमधली टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला पोचते. धातू तापला की त्यातले अणू जागच्या जागी जोरजोरात थरथरू लागतात आणि इलेक्ट्रॉनना त्यांच्यातून वाट काढणं जड जातं. एवढ्या तापमानाला रोध साधारण चौदा पट होतो. ३८ गुणिले १४, ५३२. आता उलट बाजूने या. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट म्हणजे पेटलेल्या बल्बचा रोध : २३० चा वर्ग भागिले १००, उत्तर ५२९. घरच्या मीटरवर इतकं जमलं याबद्दल मुलाला शाबासकी द्या.

आणि ते ६ अँपिअर अगदीच कल्पनेतले नाहीत. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तार थंडच असते, तेव्हा प्रवाहाची उसळी तेवढी येऊ शकते. पापणी लवायच्या आत तार तापते आणि प्रवाह अर्ध्या अँपिअरच्याही खाली येतो. जुने बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जायचे, ते यात आलं. आमची आजी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, ‘तुझ्याच हातून कसा गं जातो?’

माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दुकानातला बल्ब तांबूस व्हायचा आणि ते मान वर करून म्हणायचे, ‘व्होल्टेज दीडशेवर आलं बघ.’ तार कमी तापली की प्रकाश तांबडा, जास्त तापली की पिवळा, मग पांढरट. कमी तापलेल्या तारेचा रोधही कमी. त्यामुळे व्होल्टेज निम्मं झालं तरी बल्बचा प्रवाह निम्म्यावर येत नाही, त्याहून जास्त राहतो. प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो, या ओहमच्या नियमात ‘तापमान स्थिर असताना’ अशी अट असते. मी वर्षानुवर्षं ती फळ्यावर लिहिली आणि मुलांनी वर्षानुवर्षं ती गाळून पाठ केली.

पण यावरून ‘तापून लाल झालं की रोध खूप वाढला’ असं समजू नका. कॉइलची १,००० वॅटची शेगडी असेल तर प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर मोजा. पन्नासच्या आसपास आकडा येईल. पेटलेल्या शेगडीचा हिशेब सांगतो ५३. नायक्रोमची कॉइल लालभडक झाली तरी तिचा रोध जेमतेम वाढतो. रंगावरून तारेचं तापमान कळतं, रोध कळत नाही. तो प्रत्येक धातूचा आपापला.

प्रश्न : लाल वायरमधून करंट जास्त जातो आणि काळीतून कमी, हे खरं का? (गृहिणी, बार्शी)

उत्तर : नाही. रंग वरच्या प्लॅस्टिकला, आत तांबं तेच. आपल्याकडे घरातल्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. मिक्सर-इस्त्रीच्या दोरीत पुष्कळदा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी दिसते. लाल वायरीतून जेवढा प्रवाह जातो तेवढाच काळीतून परततो. फरक आहे तो व्होल्टेजचा. म्हणून काळीला हात लावायचा का? मुळीच नाही. आमच्याच घरात एका वायरमनने लाल वायर संपली म्हणून काळीच फेजला ओढली होती. आधी मेन स्विच बंद, मग टेस्टर.

प्रश्न : रेझिस्टरवर सरळ आकडा न छापता रंगीत पट्टे का? (अकरावीतला विद्यार्थी, मिरज)

उत्तर : रेझिस्टर म्हणजे ठरावीक रोधाचा चिमुकला भाग. तांदळाच्या दाण्याएवढ्या गोल वस्तूवर आकडा छापलात आणि डाग देताना तो खालच्या बाजूला गेला, तर वाचणार कसा? पट्टा सगळीकडून फिरलेला असतो, कुठूनही दिसतो. सोनेरी पट्टा उजवीकडे ठेवून वाचायला लाग. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ आणि ० वर दोन शून्यं, १,००० ओहम. उलट्या टोकाने वाचलास तर तोच २०० होतो.

शाळेत असताना मी एका रेडिओत १०,००० ओहमच्या जागी १,००० चा घातला होता. एकात तिसरा पट्टा नारिंगी, दुसऱ्यात लाल, आणि दुकानात उजेड त्याच ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा, ज्यात दोन्ही सारखेच दिसायचे. रेडिओ बोलेना. वडील रागावले नाहीत. दोन्ही रेझिस्टर माझ्या तळहातावर ठेवून मला दुकानाबाहेर उन्हात उभं केलं आणि आत जाऊन दुसरं काम काढलं. आता घरात पांढरे एलईडी आहेत, तरी रेझिस्टर वाचायचा झाला की मी गॅलरीत जाते.