खाली घेतलेल्या २००२ च्या होंडा सिटीला १५ इंची अलॉय आणि टायर कोणत्या मापाचे घ्यावेत?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. २००२ ची सिटी व्हीटेक, लोअरिंग स्प्रिंग टाकून साधारण ४० मिमी खाली घेतलेली. सध्या साडेपाच इंची रिमवर १८५/६० आर१४ टायर (१८५ मिमी रुंद, साइडवॉल म्हणजे टायरची उभी बाजू रुंदीच्या ६० टक्के उंच, आणि रिम १४ इंची). ओळखीतून १५ इंची जुनी अलॉय (हलक्या मिश्रधातूची रिम) मिळतायत, सात इंच रुंद, ऑफसेट ३५, आणि दुकानदार म्हणतोय "१९५/५५ टाका, आरामात बसतील". गाडी रोज कासारवडवली ते ऐरोली, आणि गणपतीत घरचे पाच जण नि सामान भरून कोकणात.

ती अलॉय घेऊ नका. साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ३८ ते ४० अशी रिम शोधा आणि त्यावर १९५/५० आर१५ टाका. तशी रिम नाही मिळाली तर १४ इंचावरच राहा, त्यात काही कमीपणा नाही. उभी असताना छान दिसणारं माप आणि पाच माणसं भरून घोडबंदर रोडच्या खड्ड्यातून जातानाही न घासणारं माप, ही दोन वेगळी मापं आहेत. तुम्हाला दुसरं हवंय.

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) टेकणारी बैठक यांच्यातलं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा मोठा असेल तर चाक आत बसतं, लहान असेल तर बाहेर येतं. होंडाच्या त्या काळच्या रिमचा ऑफसेट बहुतेक ४५ असतो. तुमच्या रिमच्या मागच्या बाजूला तो आकडा असेल, चाक काढून एकदा वाचा. ४५ धरून चालू. साडेपाचावरून सात इंचावर गेलात की रुंदी ३८ मिमीने वाढते, म्हणजे दोन्ही बाजूंना १९-१९. ऑफसेट ४५ चा ३५ झाला की पूर्ण चाक आणखी १० मिमी बाहेर सरकतं. म्हणजे बाहेरची कड २९ मिमी बाहेर आणि आतली कड ९ मिमी आत. खाली घेतलेल्या गाडीत २९ मिमी फार झाले. चाक वर उचललं गेलं की टायरचा खांदा थेट मडगार्डच्या दुमडलेल्या पत्र्याखाली येतो. मागे ते माणसं बसली की होतं, पुढे वळताना खड्डा लागला की होतं.

तोच हिशोब साडेसहा इंच आणि ऑफसेट ३८ ला करा. बाहेरची कड सुमारे २० मिमी बाहेर, आतली ६ मिमी आत. ४० ला बाहेर १८, आत ८. दिसायला चाक भरलेलं दिसतं आणि पत्र्यापासून जीव वाचतो.

आता टायरचा व्यास. १८५/६० आर१४ चा एकूण व्यास ५७७.६ मिमी. १९५/५० आर१५ चा ५७६. फरक दीड-दोन मिलिमीटरचा, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जागच्या जागी. लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) दोन्ही मापांत सहसा ८२ मिळतो, म्हणजे एका टायरला ४७५ किलो. दुकानदार सांगतोय त्या १९५/५५ चा व्यास ५९५.५ होतो, १८ मिमी जास्त. गाडी जमिनीपासून ९ मिमी वर उचलली जाईल हे खरं, आणि स्पीडब्रेकरला पोट लागणाऱ्या गाडीला ते सुखाचंही वाटेल. पण तेच ९ मिमी मडगार्डखालच्या जागेतून जातात, आणि ती जागा तुम्ही ४० मिमीने आधीच कमी केलीय. शिवाय मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८२-८३ ला असेल. पोट लागण्याचा त्रास असेल तर तो स्प्रिंग बदलून सोडवा, टायर फुगवून नको. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्या सोसायट्यांच्या गेटवर अरुंद आणि उंच उंचवटे असतात, त्यांवरून खाली घेतलेली गाडी तिरकीच काढावी लागते, टायर कोणताही असो.

१६ इंचाचा मोह होईल, कारण २०५/४५ आर१६ चे फोटो फार सुंदर दिसतात. साइडवॉलची उंची बघा: सध्या १११ मिमी, १९५/५० ला ९७.५, आणि २०५/४५ ला ९२. लो केलेल्या गाडीत शॉकअपला दाबायला जागा कमी उरते, तो लवकर बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, जाऊन टेकतो. तिथून पुढचा सगळा मार साइडवॉल खाते, आणि ती संपली की रिम. जुलैमध्ये पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. गायमुख घाटात भरलेल्या डंपरच्या मागे असताना दिसला तरी चुकवता येत नाही. रोजच्या गाडीला साइडवॉलच्या प्रत्येक मिलिमीटरची किंमत आहे असं मी मानतो. आणि सात इंची रिमवर १६५ चा टायर ताणून बसवायचा जो प्रकार चालतो, तो या रस्त्यांवर सरळ धोकादायक आहे. खड्ड्यात बीड (रिमवर घट्ट बसणारी टायरची कड) रिमवरून सुटलं की हवा एका क्षणात जाते.

पैसे देण्याआधी गाडीवरची जागा स्वतः मोजा. मात्र त्याआधी एक काम आहे, जे नव्या गाडीवाल्यांना करावं लागत नाही. वीस वर्षांहून जुन्या गाडीत लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, फाटलेले किंवा सैल झालेले असतात. ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो आणि चाक त्याच्याबरोबर. उभ्या गाडीवर सगळं व्यवस्थित मोकळं दिसतं आणि चालताना टायर लायनरला (मडगार्डच्या आतलं अस्तर) लागतो, तो यामुळे. बुश, बॉल जॉइंट, शॉकअपचं वरचं माउंट हे आधी तपासून घ्या, गेलेलं असेल ते बदला, मग मोजमाप. सैल गाडीवर घेतलेलं माप खोटं असतं.

मोजायची रीत सोपी आहे. गणपतीच्या दिवसांत मिळते ती शाडूची माती किंवा पोरांची क्ले घ्या. लिंबाएवढे गोळे करून मडगार्डच्या आतल्या कडेला, लायनरच्या पुढे-मागे आणि आत स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअपच्या उभ्या खांबाच्या) बाजूला चिकटवा. पत्रा आधी पुसून कोरडा करा, नाहीतर माती पडते. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान ठेवा. मोकळ्या जागी पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जाड लाकडी फळीवर चढवा, म्हणजे त्या दोन कोपऱ्यांत सस्पेन्शन दाबलं जाईल. स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मग उलट बाजूने तेच करा. उतरल्यावर दबलेल्या गोळ्याची जाडी पट्टीने मोजा, जो गोळा दबलाच नाही तिथे टायरपर्यंतचं अंतर मोजा. एखादा गोळा १५ मिमीचा उरला असेल तर सध्याच्या टायरला तिथे १५ मिमी मोकळे आहेत. बाहेरच्या बाजूला त्यातून वरचे २० किंवा १८, आत स्ट्रटकडे ६ किंवा ८ वजा करून बघा, आणि टायरही १० मिमीने रुंद होतोय हे विसरू नका. फिरत्या भागापासून निदान ५ मिमी उरायलाच हवेत. बाहेरचा आकडा उणे आला तर ऑफसेट ४५ कडे सरका किंवा सहा इंची रिम घ्या.

मडगार्डची कड आत वळवून देतो असं कुणी सांगेल. जुना रंग त्या वळणावर तडकतो, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत तडकलेल्या जागी गंज धरायला एक पावसाळा पुरतो. हीट गनने रंग गरम करून सावकाश वळवणारा आणि नंतर आतून सीलर मारणारा कारागीर असेल तरच हो म्हणा. स्पेसरला (चाक बाहेर ढकलायला हबवर घालतात ती चकती) तर नाहीच.

बसवताना दोन छोट्या गोष्टींकडे बहुतेक दुकानांत दुर्लक्ष होतं. तुमच्या गाडीचा पीसीडी ४ गुणिले १००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार बोल्ट, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हबचा मधला उंचवटा ५६.१ मिमी आहे आणि बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुधा ६७ किंवा ७३ मिमी असतं. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक नेमकं मध्यावर बसेलच असं नाही, आणि ठाणे-बेलापूर रोडवर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागतं. मग माणूस पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतो. दुसरी गोष्ट नटांची. होंडाच्या मूळ रिमच्या नटांची बैठक गोल असते, बाहेरच्या अलॉयना ६० अंशांचा शंकू लागतो. आटे दोन्हींचे एकच, १२ गुणिले १.५, म्हणून जुने नट नव्या रिमवर सहज फिरतात आणि घट्टही वाटतात. पण ते फक्त एका बारीक कडेवर टेकलेले असतात आणि चालता चालता सैल होतात. नवे शंकूचे नट घ्याच. टॉर्क रेंचने १०८ न्यूटन-मीटरला आवळून घ्या आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

रिम जुनी घेत असाल तर टायर काढायला लावून आतली बाजू बघा. तिथे वेल्डिंगची रेघ किंवा ताजा रंग दिसला तर सोडून द्या. मग बॅलन्सिंग मशीनवर नुसती रिम फिरवून बघा, कड वर-खाली होतेय का ते डोळ्यांना कळतं. टायर मात्र नवेच घ्या. १९५/५० आर१५ प्रत्येक दुकानात ठेवलेला नसतो, तेव्हा रिमचे पैसे देण्याआधी चारही टायर मिळतायत ना याची खात्री करा. साइडवॉलवरच्या चार आकड्यांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, चारही साधारण एकाच काळातले बघा.

अलाइनमेंट स्प्रिंग टाकल्यावर केली नसेल तर आता नक्की करा. गाडी खाली गेली की कँबर (चाकाचा उभा कल) बदलतो आणि टोही (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असणं) बदलतो. लोक कँबरला घाबरतात, पण आतल्या कडेने टायर कापून टाकतो तो मुख्यतः बिघडलेला टो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला बंदी आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. १९५/५० सारखं मूळ व्यासाजवळचं, मडगार्डच्या आत राहणारं माप घेण्याचं हेही एक कारण आहे. लो केलेल्या स्प्रिंगबद्दल मी तुम्हाला कायद्याची हमी देऊ शकत नाही. २००२ च्या गाडीची नोंदणी आधी पंधरा वर्षं, मग दर पाच वर्षांनी, म्हणजे वेळेवर करत आला असाल तर पुढचं नूतनीकरण २०२७ ला येईल. तेव्हा गाडी आरटीओत तपासणीला उभी राहणार. १४ इंची रिम आणि त्यांचे गोल बैठकीचे नट विकू नका, मूळ स्प्रिंग घरात असतील तर त्याही जपून ठेवा.