तरुण मुलं गुन्हेगारीकडे वळतात ती फक्त गरिबीमुळेच का?

तुम्ही विचारलंय की तरुण पोरं गुन्हे करतात त्याला गरिबीच जबाबदार आहे का आणि समाजशास्त्र काय म्हणतं. गरिबीचा वाटा आहेच, पण सगळं खापर तिच्यावर फोडलं तर ज्या असंख्य गरीब मुलांनी कधी कुणाच्या वस्तूला हात लावला नाही त्यांचं काय?

रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३८ साली मांडलं की समाज स्वप्न सगळ्यांना एकच दाखवतो, पैसा कमवा मोठे व्हा, पण तिथवर जायचा सरळ रस्ता सगळ्यांना मिळत नाही, मग काही जण आडमार्ग धरतात. पटतं, पण यातून चोरी कळते, उगाच काचा फोडणं कळत नाही. ते अल्बर्ट कोहेन या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये सांगितलं, की शाळेत ज्यांना कायम कमी लेखलं जातं ती पोरं आपला वेगळा ग्रुप करतात आणि शाळा ज्याला वाईट म्हणते त्यालाच तिथे मान मिळतो.

मला मात्र सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते मोठी माणसं पोराच्या पहिल्या चुकीनंतर कशी वागतात हे. विल्यम चँब्लिस या अमेरिकन अभ्यासकाने एकाच शाळेतल्या पोरांच्या दोन टोळ्या बघितल्या आणि त्यावर १९७३ मध्ये लिहिलं. ८ पोरं खात्यापित्या घरची, ६ खालच्या वर्गातली. ती ८ जण शाळेला दांड्या मारायची, दारू पिऊन गाड्या चालवायची, रस्त्याच्या कामावरचे अडथळे काढून ठेवून कुणाची गाडी खड्ड्यात जाते का बघत लपून बसायची, म्हणजे जीव जाऊ शकला असता एखाद्याचा! पण गाड्या असल्याने सगळे उद्योग गावापासून लांब, आणि पोलिसांशी बोलताना एकदम नम्र, त्यामुळे एकालाही कधी अटक झाली नाही. दुसरी ६ जण कोपऱ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी असायची, उलट उत्तरं द्यायची, ती वाया गेलेली हे गावाने ठरवूनच टाकलेलं. पुढे त्यातले दोघं खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले. पण त्यातल्याच दुसऱ्या दोघांना फुटबॉलची स्कॉलरशिप मिळाली आणि ते चक्क कोच झाले, टोळी तीच, शिक्का तोच, पण त्यांच्यात काहीतरी चांगलं आहे हे कुणाला तरी दिसलं आणि त्यांच्याकडे गमवायला काहीतरी आलं.

समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हर्शीचं म्हणणं (१९६९) हेच, की घर, शाळा, पुढची स्वप्नं यांच्याशी नातं घट्ट असेल तर पोरगं सहसा घसरत नाही. नंतर सॅम्पसन आणि लॉब या अभ्यासकांनी बॉस्टनच्या ५०० बालगुन्हेगारांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की टिकाऊ नोकरी आणि चांगला संसार मिळालेले बरेच जण मोठेपणी गुन्हे सोडून देतात, पण कमी वयात जितका जास्त काळ कोठडीत गेला तितकी तीच नोकरी पुढे टिकणं अवघड होतं.