ताठ बसायचं, पण किती वेळ?

या वेळच्या टपालात कंबरेच्या तक्रारीच जास्त आहेत आणि जवळपास प्रत्येकाला वाटतंय, की आपली बसण्या-उठण्याची पद्धतच चुकते. त्यातले पाच प्रश्न घेते.

प्रश्न : मी आयटीत आहे, आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम करतो. कंबर दुखते म्हणून महागडी खुर्ची घेतली, दिवसभर ताठ बसायचा कसोशीने प्रयत्न करतो. तरी संध्याकाळी कंबर धरतेच. काय चुकतंय? (वय ३४, पिंपळे सौदागर)

उत्तर : दिवसभर ताठ बसणं, तेच चुकतंय! स्नायू तासन्‌तास एकाच ताणात राहिले की दमतात, मग तुमची बैठक कितीही आदर्श असो. खुर्चीला पाठ दिलेली असते ती टेकायलाच, खुशाल टेका. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीतला दाब मोजला होता. बसल्यावर तो उभं असतानापेक्षा जास्त भरतो, असं तेव्हा दिसलं. १९९९ साली जर्मनीत विल्के यांच्या गटाने पुन्हा मोजणी केली, तर सैल टेकून बसलेल्या माणसात तो उलट कमी निघाला. ही मोजणी एकाच माणसावर झाली, त्यामुळे मी तिच्यावर फार इमले बांधत नाही. पण रेलून बसल्याने कंबरेचं वाटोळं होत नाही, एवढं खरं.

तुमच्या बाबतीत मला खुर्चीपेक्षा लॅपटॉपचा संशय जास्त आहे. त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणला तर हात वर जातात, हात खाली ठेवले तर मान खाली जाते आणि मानेपाठोपाठ सगळी पाठ वाकते. लॅपटॉपखाली चार जाडजूड पुस्तकं ठेवा, वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या. स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत यावी, कोपर काटकोनाच्या आसपास असावं. पाय टेकत नसतील तर खाली पाट.

आणि दर अर्ध्या तासाने उठा. गजर लावून कोणी उठत नाही, दोन दिवसांत तो बंद करायचा सराव होतो. त्यापेक्षा टेबलावरची मोठी बाटली हलवा आणि छोटा पेला ठेवा, म्हणजे पाण्यासाठी उठावंच लागेल. कॅमेरा बंद असलेल्या मीटिंगा फिरत ऐका. उठल्यावर हात कंबरेवर ठेवून सावकाश पाच-सहा वेळा मागे झुका. त्याने पायात कळ जात असेल तर मात्र थांबा.

प्रश्न : ओट्याशी उभी राहिले की अर्ध्या तासात कंबर भरून येते. भाकऱ्या आणि भांडी तर नकोशी होतात. सून म्हणते पट्टा बांधा. बांधू का? (वय ५२, इचलकरंजी)

उत्तर : पट्टा लांबच्या प्रवासाला, दुखणं जोरात असताना चार दिवस ठीक. रोजचा नको, पाठ त्याच्या भरवशावर राहायला लागते.

आधी ओटा तपासा. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा. भाजी चिरायला ओटा कोपरापासून तीन-चार इंच खाली असावा. कणीक तिंबताना किंवा भाकरी थापताना अंगाचा भार टाकावा लागतो, त्यामुळे तो आणखी खाली हवा. सिंकचं उलटं असतं. भांडं सिंकच्या तळाशी असतं आणि आपण त्याच्यामागे वाकत जातो. आपल्या घरांत या सगळ्याला एकच उंची, तीही बहुधा गवंड्याने ठरवलेली. ओटा तोडायला मी सांगत नाही. सिंकमध्ये एक मोठं पातेलं पालथं घाला आणि घासायचं भांडं त्यावर ठेवा. भाकरीची परात एखाद्या बुटक्या टेबलावर घ्या. ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडून एक पाय आतल्या कडेवर टेकवा, दर काही मिनिटांनी पाय बदला. कंबरेची ओढ तिथल्या तिथे सैल झालेली जाणवेल.

गॅसचं सिलिंडर मात्र उचलू नका. आत १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजन जवळपास तेवढंच. तिरकं करून बुडाच्या कडेवर फिरवत न्या, नाहीतर सुनेला हाक मारा.

प्रश्न : एमआरआयमध्ये ‘एल-४, एल-५ डिस्क बल्ज’ आलंय. मणका सरकलाय म्हणतात. दोन आठवडे झोपून आहे, वाकणं बंद केलंय. (वय ४१, नाशिक)

उत्तर : मणका सरकलेला नाही. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली (एल-४, एल-५) चकती थोडी फुगलीय. २०१५ साली एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. चाळिशीतल्या निम्म्या लोकांत अशी फुगलेली चकती होती, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. म्हणजे रिपोर्टमध्ये दिसतं तेच दुखतंय, असं धरून चालता येत नाही.

झोपून राहण्याचं म्हणाल तर अमेरिकेत १९८६ सालीच दोन दिवस आणि सात दिवस विश्रांती यांची तुलना झाली. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि कामावर लवकर गेले. आजच उठा. घरातल्या घरात दहा मिनिटं चाला, सकाळ-संध्याकाळ. वाकणंही हळूहळू सुरू करा, आधी खुर्चीत बसून हात घोट्यापर्यंत नेऊन पाहा.

पण लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. रोज संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून दिसतो आणि तो कंबरदुखी म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो.

प्रश्न : मुलगी सारखी पोक काढून बसते. ऑनलाइन मिळणारा पोश्चर बेल्ट घेऊ का? (१३ वर्षांच्या मुलीचे वडील, ठाणे)

उत्तर : नका घेऊ. आधी एक तपासणी आईला करू द्या. मुलीला पाय जुळवून, तळहात जोडून खाली वाकायला सांगायचं आणि मागून पाठ बघायची. एका बाजूच्या बरगड्या दुसरीपेक्षा वर आलेल्या दिसल्या तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, या वयात कणा बाजूला वळण्याचा त्रास झपाट्याने वाढू शकतो. तसं काही नसेल तर तिच्यामागे ‘ताठ बस, ताठ बस’ लावू नका. या वयात पुष्कळ मुली छाती दिसू नये म्हणून खांदे पुढे घेतात. तिथे आईशी मोकळं बोलणं आणि मापाचे कपडे कामाला येतात. पोहणं, खो-खो, काहीही चालेल. दप्तर तोलून पाहा. २०२०च्या केंद्रीय धोरणानुसार ते मुलीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं.

प्रश्न : कंबरेसाठी कडक गादी चांगली की फळी? (वय ६०, पणजी)

उत्तर : दोन्ही नकोत. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या २००३च्या चाचणीत मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला. खर्च करण्याआधी उशी वापरून बघा. कुशीवर झोपत असाल तर ती गुडघ्यांच्या मध्ये, उताणे झोपत असाल तर गुडघ्यांखाली. सकाळी थेट उठून बसू नका, आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटून बसते व्हा.