अंतर ४०० किमी, मग संकेतस्थळावर अर्धा तास आणि तिकिटावर सव्वा तास कसा?

तुमचा प्रश्न असा: दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ४०० किमी आहे, अंतर मोजणारं संकेतस्थळ ३० मिनिटं दाखवतंय, तिकिटावर मात्र १ तास १५ मिनिटं आहेत, यातलं खरं कोणतं?

तिकिटावरचं धरा. मी काही वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये होतो, उड्डाणांचे आराखडे करणं हेच काम होतं.

संकेतस्थळं बहुतेक वेळा एकच भागाकार करतात: पृथ्वीच्या गोलावरचं सरळ अंतर भागिले जेटचा वेग, म्हणजे ताशी सुमारे ८०० किमी. पण छोट्या विमानतळांदरम्यान बऱ्याचदा एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान उडतं, आणि ते वर स्थिरावल्यावर ताशी ५०० किमीच्या आसपास जातं. एवढ्यानंच ३० ची ४८ मिनिटं झाली.

खरा वेळ जातो तो दोन टोकांना. विमान उंची गाठेपर्यंत पुढे जाण्याचा वेग कमीच असतो. चढायला साधारण १५ मिनिटं, उतरायला साधारण तेवढीच. शिवाय उड्डाण आणि उतरणं शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर करतात. तुमचं गाव पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा असेल, तर विमान आधी उलट्या दिशेला उडणार आणि मग वळणार. त्यात ठरलेले हवाई मार्ग सरळ रेषेत नसतात, त्यामुळे ४०० चे सहज ४३० किमी होतात. उतरायच्या विमानतळावर रडार नसेल तर दोन विमानांमध्ये जास्त अंतर ठेवावं लागतं, मग एखादा फेरा वरच मारावा लागतो. हे सगळं धरून हवेतला वेळ तासाभराचा होतो.

उरलेली मिनिटं जमिनीवरची. तिकिटावरचा वेळ हा ‘ब्लॉक टाइम’ असतो: विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर येऊन थांबलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं-येणं आलं, आणि थोडी राखीव मिनिटंही धरलेली असतात.

जाताना आणि येताना वेळ वेगळा दिसला तर चूक समजू नका. समोरून ताशी ६० किमीचा वारा असेल तर ५०० चा वेग जमिनीच्या हिशेबात ४४० उरतो, परतताना तोच ५६० होतो. पंख्याच्या विमानाचा मूळ वेगच कमी, म्हणून त्याला वारा जेटपेक्षा जास्त जाणवतो. दोन गावं वेगळ्या टाइम झोनमध्ये असतील तर तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, नुसती वजाबाकी करू नका.

अंतराचं एकक मात्र नक्की तपासा. काही ठिकाणी ते नॉटिकल मैलांत देतात. १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, त्यामुळे तुमचे ४०० किमी तिथे २१६ दिसतील. त्यांना साधे मैल समजलात तर हिशेबात ५० किमी हरवतील.

पुढचं विमान पकडायचं असेल तर आणखी एक: तिकिटावरची पोहोचण्याची वेळ ही विमान थांबण्याची आहे. दार उघडणं, सामानाचा पट्टा आणि पुन्हा सुरक्षा तपासणी यांचा वेळ त्यावर वेगळा धरा.