कॅम बदललात, मग कन्व्हर्टरचं काय? स्टॉल स्पीडवर तुमचे प्रश्न

प्रश्न (ह्यूस्टनहून): १९६९ ची कॅमॅरो, ३५० व्ही-८, टीएच३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मोठा कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकल्यापासून सिग्नलला डी (ड्राइव्ह) मध्ये इंजिन घुसमटतं, कधी बंदच पडतं. कार्ब्युरेटर दोनदा ट्यून केला.

कार्ब्युरेटरला आता हात लावू नका प्लीज. जुना स्टॉक टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेलातून जोडणारा भाग) साधारण १६०० ते १८०० आरपीएम स्टॉलचा (स्टॉल म्हणजे काय ते पुढच्या उत्तरात), आणि मोठ्या कॅमला खालच्या आरपीएमला दमच नसतो, त्यामुळे नुसत्या आयडलला सुद्धा तो घट्ट कन्व्हर्टर इंजिनला जड जातो. कॅमच्या कार्डावर पॉवर किती आरपीएमपासून येते ते छापलेलं असतं, २५०० असेल तर स्टॉल २८००-३००० च्या आसपास बघा. गाडीचं वजन आणि मागचा अ‍ॅक्सल रेशो कन्व्हर्टरवाल्याला खराखरा सांगा, आणि जो हे न विचारता बॉक्स हातात देतो त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

प्रश्न: ३००० स्टॉल म्हणजे ३००० च्या खाली गाडी हलणारच नाही?

हलते हो! टर्बाइन (कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) जागेवर अडवून फुल थ्रॉटल दिला की इंजिन ज्या आरपीएमला अडकतं तो स्टॉल. हलक्या पायाने गाडी १५०० ला पण निघते, फक्त जरा सैल वाटते. आणि तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या बिग ब्लॉक (मोठ्या व्ही-८) इंजिनामागे लावला तर आकडा वर जातो, म्हणून मित्राच्या गाडीतला आकडा तुमच्या गाडीत मिळेलच असं नाही.

प्रश्न: ब्रेक दाबून चेक केलं तर २२०० लाच मागची चाकं फिरली. मला फसवलं का?

लगेच भांडायला जाऊ नका. चाकं सुटली म्हणजे टर्बाइन पण फिरलं, मग खरा स्टॉल मोजलाच गेला नाही. ड्रॅग रेसवाले ट्रान्सब्रेक लावतात ते यासाठीच, त्यात पहिला आणि रिव्हर्स एकदम लागून गिअरबॉक्स जाम होतो. कुठल्याही पद्धतीने केलं तरी ५ सेकंदांच्या वर धरू नका.

प्रश्न: वेगळा ऑइल कूलर हवाच का?

हवाच. कन्व्हर्टर जितका स्लिप होतो तितकं एटीएफ (गिअरबॉक्सचं तेल) तापतं, आणि ओव्हरड्राइव्हमध्ये (सगळ्यात वरच्या गिअरमध्ये) हायवेला इंजिन स्टॉलच्या खालीच फिरत असेल तर ते तासन्‌तास तापत राहतं (७००आर४ गिअरबॉक्सवाल्यांनी लॉकअप, म्हणजे कन्व्हर्टरची स्लिप बंद करणारा क्लच, काढून टाकू नका). गिअरबॉक्सची डिपस्टिक पांढऱ्या कागदावर पुसून बघा. लाल डाग पडला तर ठीक, तपकिरी पडून करपट वास आला तर गाडी तिथेच थांबवा.