जीवाश्म इंधन, खनिज तेल आणि अस्मान

प्रश्न असा: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेट्रोल-कोळशाला ‘जीवाश्म इंधन’ म्हटलंय, बातम्यांत ‘खनिज तेल’ असतं. बरोबर कोणतं? आणि पेट्रोल डायनासोरांपासून झालं हे खरं का?

शेवटच्या प्रश्नाचा आधी निकाल लावतो, कारण ‘डायनासोरचं तेल’ ऐकून कान किटले आहेत. खोटं आहे. कच्चं तेल मुख्यतः समुद्रातल्या शेवाळांचं आणि सूक्ष्म जीवांचं. लांब कशाला जा, चंद्रपूरचा कोळसा पर्मियन काळातल्या झाडापाल्याचा, तेव्हा डायनासोर जन्मायचे होते. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हायचं तेल ज्या गाळातून आलं, तो साचला तेव्हा ते संपून गेले होते. नाव मात्र दोन्हीकडे त्यांचंच.

या घोटाळ्याला भाषांतर जबाबदार आहे. लॅटिन ‘फोसिलिस’ म्हणजे खणून काढलेलं, बस्स. १५४६ साली जर्मन खनिजतज्ज्ञ अ‍ॅग्रिकोलाने ‘फॉसिलां’वर ग्रंथ लिहिला, त्यात मीठ, माती, रत्नं, धातू सगळं आहे. अठराव्या शतकात इंग्रजीत ‘फॉसिल फ्युएल’ आलं तेही लाकूडफाट्याहून वेगळं, जमिनीतून उपसलेलं जळण याच अर्थाने. पुढे ‘फॉसिल’चा अर्थ आक्रसून प्राण्या-वनस्पतींच्या अवशेषांपुरता उरला आणि आमच्या परिभाषाकारांनी तो आक्रसलेला अर्थ जुन्या जोडशब्दावर चढवून ‘जीवाश्म इंधन’ केलं. वास्तविक ‘खनिज’ म्हणजे खाणीत जन्मलेलं, संस्कृत क्रियाधातू ‘खन्’, खणणे. फोसिलिसला याहून नेमका शब्द शोधूनही सापडणार नाही. ‘पण खनिज म्हणजे मिनरल, ते अजैव हवं, स्फटिकी हवं,’ असं एक भूगर्भवाले गृहस्थ मला दर वेळी ऐकवतात. ती व्याख्या त्यांच्या प्रयोगशाळेत चालवावी. शब्द तिच्या आधीचा आहे.

आता ‘जीवाश्म’. राळेत अडकलेला किडा दगड झालेला नसतो, पावलाच्या ठशात जीव नसतो, तरी दोन्हींना आपण जीवाश्मच म्हणतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर डायनासोरांच्या काळातली दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश निघाले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे २००५ साली जगाला कळलं. विष्ठेलाही जीवाश्मच म्हणायचं. असो, शब्द रुळलाय.

मला खरी गंमत वाटते ती त्यातल्या ‘अश्मन्’ची. संस्कृतात अश्मन् म्हणजे दगड. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, ‘अस्मन्’ म्हणजे दगडही आणि आकाशही. तेच फारसीत ‘आसमान’ झालं आणि मराठीत ‘अस्मान’. अस्मानी-सुलतानीतलं अस्मान, कुस्तीत दाखवतात ते अस्मान, आणि जीवाश्मातला दगड, सगळे एका घरचे! आसमान म्हणजे ‘अ-समान’, ज्याला तोड नाही ते, अशी व्युत्पत्ती हौसेने पसरवणाऱ्यांनी एकदा अवेस्ताचा कोश उघडावा. आणि अस्मान हा ‘परका’ शब्द म्हणून वगळा म्हणणाऱ्यांनी मग अश्मयुगही वगळावं.

दगडाचं आकाश कसं झालं? अभ्यासक म्हणतात, प्राचीनांना आकाश दगडी घुमट वाटे. असेल. माझं मत वेगळं आहे: आकाशातून दगड पडताना त्यांनी पाहिले होते. ऋग्वेदात इंद्राला ‘दिवो अश्मानम्’, आकाशातला दगड, वरून खाली फेक म्हणून विनवलंय. ग्रीकमधला याचा भाऊ ‘आक्मोन’. त्याचा अर्थ ऐरण, आणि ग्रीक पुराणकथा सांगते की काशाची ऐरण आकाशातून सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी जमिनीला टेकेल. ऐरणी कोण कशाला आकाशातून सोडेल? मला तो उल्कापाषाणच दिसतो. घुमटवाले याला पुरावा मानत नाहीत, मी त्यांचा घुमट मानत नाही. इंग्रजी ‘हॅमर’ही याच कुळातला असावा असं पुष्कळांना वाटतं, जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, त्या शब्दाचा अर्थ कडा, सुळका असाही होता. त्यावर वाद आहे, म्हणून जोर देत नाही.

वैद्य मुतखड्याला ‘अश्मरी’ म्हणतात तेही याच अश्मातून. तेव्हा कृपा करून ‘जीवाष्म’ लिहू नका. ‘ष्म’ ऊष्म्याचा आणि ग्रीष्माचा, दगडाचा ‘श्म’.

हां, मुलीचं राहिलं. परीक्षेत तिला पुस्तकातलंच लिहू द्या, गुण परीक्षक देणार आहे. घरी खनिज तेल म्हणा.