नातीच्या नावचे नऊ लाख

प्रश्न : माझे सासरे फेब्रुवारीत वारले. बेदाण्याच्या पैशातून केलेली नऊ लाखांची बँकेतली ठेव त्यांनी मृत्युपत्रात माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दिली आहे. नॉमिनी मात्र माझे मिस्टर आहेत. ते म्हणतात, द्राक्षबागेला प्लास्टिक घालू, दोन सीझनमध्ये पैसे परत टाकू. दीर म्हणतात, पतसंस्थेत ठेवा, व्याज जास्त मिळतं. भाऊ कुपवाडला प्लॉट घ्या म्हणतो. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. काय करू?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तिघांनीही पैशाला वाट दाखवली, पण पैसे कुणाचे हे एकानंही विचारलं नाही. नॉमिनी मालक नसतो. बँक रक्कम मिस्टरांच्या हाती देईल, ती मृत्युपत्राप्रमाणे मुलीची. म्हणून आधी तिच्या नावे, पालकाच्या सहीचं बचत खातं काढा आणि रक्कम आली की त्याच दिवशी तिकडे वळती करा. मिस्टरांच्या पीककर्जाच्या खात्यात ती चुकूनही जाऊ देऊ नका.

बागेचं दुखणं मला कळतं. अवकाळीनं मणी तडकले की वर्ष जातं. प्लास्टिक जरूर घाला, पण कर्ज काढून. बँकेचा हप्ता थकला तर नोटीस येते. सहा वर्षांची सावकार नोटीस पाठवत नाही, म्हणून तिचे पैसे सगळ्यात शेवटी फिटतात.

पतसंस्था नको. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, व्याजासकट पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. सांगली जिल्ह्यात हे मी वेगळं सांगायला हवं का? प्लॉटही नको. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या नावची जमीन १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यानं कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बारावीनंतर फी भरायची वेळ आली की प्लॉट नुसता बघत बसाल.

मी असं करीन. पोस्टात सुकन्या समृद्धी खातं. मुलगी दहाच्या आत आहे, तेव्हा निघेल. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. जानेवारी २०२४ मध्ये व्याज ८.२ टक्के झालं. दर तिमाहीला सरकार ते ठरवतं. व्याजावर कर नाही. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते, बाकीची खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी. उरलेले पैसे दोन बँकांत ठेवी करून ठेवा आणि दर एप्रिलला पाच तारखेच्या आत दीड लाख सुकन्येत भरा. पाच उलटली की त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. ठेवी संपल्यावरही पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत वर्षाला किमान २५० रुपये भरत राहा.

यातले दोनेक लाख मी महिन्याला पाच हजारांनी निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, मुलीच्याच नावे घालीन. बारा वर्षं हाताशी आहेत, मधली पडझड सोसता येईल. फंड विकला तरी पैसे तिच्याच बँक खात्यात येतात, आणि तुमच्या घरातली सध्याची चर्चा पाहता हे बरंच आहे. ती अठराची झाली की केवायसी नव्यानं होईपर्यंत व्यवहार थांबतात, एवढं लक्षात असू द्या.

कराचं थोडक्यात. वारशाच्या रकमेवर कर नाही. ठेवींचं व्याज मात्र आईवडिलांपैकी ज्याचं करपात्र उत्पन्न जास्त, त्याच्यात धरतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणजे ते तुमच्याच पगारात येणार. शाळेत गुंतवणुकीचा तक्ता भरून देताना ते दाखवा.